धनवंताबाईचा गाल

गोंदियात कुत्र्यांचे लाड करणारे लोक पुष्कळ आहेत, पण कुत्र्याच्या अंगाला गाल लावून उभी राहणारी बाई एकच, याबद्दल बालाघाट रोडवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं एकमत होतं. ती बाई म्हणजे धनवंता कुमरे. उमेंद्र बिसेनच्या दुकानात ती नऊ वर्षांपासून कुत्र्यांना अंघोळ घालत होती, त्यांचे केस कापत होती. कुत्रं टेबलावर चढवलं की ती आधी वाकायची, त्याच्या मानेला डावा गाल टेकवायची आणि तो गाल पाठीवरून, बरगड्यांवरून, मांडीवरून हळूहळू फिरवत न्यायची, डोळे मिटून. गिऱ्हाइकं फोटो काढायची. उमेंद्रनं त्यातलाच एक फोटो मोठा करून दुकानाच्या काचेवर लावला होता आणि खाली लिहून घेतलं होतं, 'यहाँ प्यार मिलता है'. ती काच रोज सकाळी धनवंताच पुसायची.

खरं सांगायचं तर त्या गालात प्रेम वगैरे काही नव्हतं. धनवंताच्या उजव्या हाताची तीन बोटं दोन वर्षांपूर्वी मेली होती. मेली म्हणजे हलत होती, कात्री चालवत होती, भात कालवत होती. पण त्यांना काही लागत नव्हतं. गरम नाही, थंड नाही, टोचलेलं नाही. डाव्या हाताचंही तेच चाललं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मनगट दाबून सांगितलं होतं, की नस दबली आहे, केस कापायची मशीन दिवसभर हातात थरथरते त्यानं हे होतं, ऑपरेशन करून घ्या आणि चार महिने मशीनला हात लावू नका. चार महिने मशीनला हात न लावणाऱ्या बाईला टेबलावर कोण उभं करणार? धनवंतानं डॉक्टरचा कागद पेटीत तळाशी ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

आता या धंद्यात अर्धं काम कात्रीचं आणि अर्धं बोटांचं. केसांच्या मुळाशी बसलेली गोचीड, कानामागची जट, कातडीवरचा फोड, हे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागतं. बोटांनी दगा दिला म्हणून धनवंतानं गालाला कामाला लावलं. गाल शहाणा निघाला. दाण्याएवढी गोचीडसुद्धा त्याला बरोबर लागायची. पोटाखाली तेवढा तो पोचायचा नाही. लोकांना ती माया वाटली. तिनं कधी खोडून काढलं नाही.

बोटांच्या मागोमाग बाकीचीही धनवंता हळूहळू बधिर होत गेली होती, आणि हे तर डॉक्टरलाही माहीत नव्हतं. आषाढात तिची आई गेली. दरेकस्याला, डोंगराच्या पायथ्याशी आईला मातीत ठेवलं. बायका ऊर बडवून रडत होत्या. धनवंता उभी होती आणि पुढच्या पोरीच्या फ्रॉकचं मागचं बटण तुटलेलं आहे, एवढंच तिला दिसत होतं. दुःख झालं नसेल असं नाही. झालं असेल, कुठंतरी आत, पण तिच्यापर्यंत पोचलं नाही. धनवंता मोठी धीराची आहे, असं बायका म्हणाल्या. तेही तिनं खोडून काढलं नाही. तिचा नवरा दसरू गावी धानाचं पाहायचा, तो म्हणाला, "रडून घे व जरासी." ती म्हणाली, "रडतो ना मंग," आणि चूल पेटवायला गेली.

तर अशा बाईसमोर दिवाळी झाल्याबरोबर एक संकट उभं राहिलं, आणि त्याचं नाव प्रशिक्षण.

उमेंद्र रायपूरला कसलंसं प्रदर्शन पाहून आला होता आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याला रिंग रोडवर नवं दुकान काढायचं होतं, एसीचं, वर-खाली होणाऱ्या टेबलांचं. "आता ते जुनं नाई चालणार बाई," तो म्हणाला. "नागपूरवरून मॅडम बोलावली. दोन दिवस शिकवते, नवीन मशीन दाखवते, मंग परीक्षा घेते. जो पास होईल तो नवीन दुकानात टेबलावर. बाकीचे अंघोळीवर." मग त्याला वाटलं असावं की बाईला फार लागलं, म्हणून लगेच म्हणाला, "तुमचं तर सोडाच. तुम्ही तर फस्ट येणार."

धनवंता "हो जी" म्हणाली. अंघोळीवर जायचं म्हणजे काय हे तिला चांगलं माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी तिनं तिथूनच सुरुवात केली होती. ओल्या चपला, पाण्यानं सुजलेले पाय, आणि टेबलावरचा माणूस 'धर' म्हणाला की धरायचं. टेबल हे तिनं मिळवलेलं एकमेव ठिकाण होतं, जिथं लोक तिला विचारून पुढं जायचे. ते तिला सोडायचं नव्हतं. मनात ही एक गोष्ट तेवढी अजून शाबूत होती.

प्रशिक्षण तिरोडा रोडवरच्या एका लॉनमध्ये होतं. तुळशीची लग्नं लागायची होती, म्हणून लॉनवाल्याकडं अजून माणसांची लग्नं नव्हती आणि जेवणाचा हॉल स्वस्तात मिळाला. पंधरा जण जमले. आमगावचे दोघे, बालाघाटचे तिघे. देवरीचा एक जण पूर्वी म्हशी भादरायचा आणि आता हायवेवरच्या ढाबेवाल्यांची कुत्री भादरतो. उमेंद्रच्या दुकानातून धनवंता आणि अंघोळीवरची दुर्गेश्वरी. दुर्गेश्वरीच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, नेमकी त्याच दिवशी होती, त्यामुळं ती सकाळपासून तोंड फुगवून बसली होती.

चंचल मॅडम पस्तिशीच्या, सडपातळ, आवाज खणखणीत. खालच्या ओठापासून हनुवटीपर्यंत टाक्यांची पांढरी खूण. त्यांनी सुरुवातच त्या खुणेपासून केली. "ही मला एका पामेरियननं दिली. पाच वर्षं ओळखीचा होता. म्हणून पहिला नियम. कुत्र्याजवळ हात जाईल, तोंड जाणार नाही. कितीही ओळखीचं असो, कितीही प्रेम असो. समजलं?"

उमेंद्र मागं खुर्चीवर बसला होता. तो खाकरला. काचेवरचा फोटो त्याला आठवला असावा.

मग मॅडमनी एकेक वस्तू टेबलावर मांडली. केसांच्या आतलं मऊ अस्तर ओढून काढणारा लोखंडी पंजा, वाकड्या कात्र्या, पाणी उडवून लावणारा ब्लोअर. बोलता बोलता मॅडमनी विचारलं, उन्हाळ्यात पामेरियन, हस्की, शेफर्ड यांचं काय करता? सगळे एका सुरात म्हणाले, टक्कल. देवरीवाला तर अभिमानानं म्हणाला, "सत्तेचाळीस डिगरीत जनावराले कंबल कोन ठेवते मॅडम? म्हशीले भादरतो तसाच भादरतो." मॅडमनी कपाळाला हात लावला. ती दोन थरांची फर कुत्र्याची छत्री असते, त्यांनी सांगितलं. बाहेरचं ऊन तीच अडवते, ती काढली की कातडी भाजते आणि केस परत धड येत नाहीत. म्हशीचं शास्त्र कुत्र्याला लावू नका. सगळ्यांना आपापली गिऱ्हाइकं आठवत होती. धनवंतालाही आठवली, एप्रिल-मे महिन्यांत रांगेनं भादरलेली. वाईट वाटायला पाहिजे, हे तिला समजलं. ती वाट पाहत राहिली, पण वाईट वाटलं नाही.

दुपारी नवी मशीन आली. बिनवायरची, चार्जिंगची, हलकी. हिची थरथर हाताला जवळजवळ लागत नाही, मॅडम म्हणाल्या. जुन्या मशीननं हात जातात लोकांचे, बोटं बधिर होतात, तुमच्यापैकी कोणाला होत असेल तर लपवू नका. धनवंता समोरच्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या फुलांकडं पाहत राहिली.

मशीन हातोहात फिरली. जो तो कौतुक करत होता. कोपऱ्यात ब्लोअर सुरू होता, त्याच्या घोंगाटात मशीनचा बारीक आवाज ऐकू येत नव्हता. धनवंताची पाळी आली. तिनं मशीन मुठीत धरली, सराईतासारखी उलटी-सुलटी करून पाहिली.

"कशी वाटली ताई?" मॅडमनी विचारलं.

"मस्त आहे जी. चालते का नाई तेही समजत नाई."

"ती बंद आहे," मॅडम म्हणाल्या. "मागच्या भाऊंनी बंद करून दिली तुम्हाला."

हॉल हसला. धनवंताही हसली, सगळ्यांएवढीच. मॅडम हसल्या नाहीत, आणि दुर्गेश्वरीही.

चहाच्या वेळी दुर्गेश्वरी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "काकू, तुमाले मी मांगच्या मयन्यात पायलं. गिझरच्या पान्यात हात होता तुमचा. माह्या जवळून वाफ जाऊन रायली होती आन् तुमी हात ठेवून उभ्या."

"मंग?"

"मंग काई नाई. उमेंद्रभाऊले सांगा म्हनतो. ऑपरेसन करा. तुमचं टेबल कुठं पळून जाते का?"

"तुले पायजे का टेबल?" धनवंतानं विचारलं. रागानं नाही, उत्तर माहीत असलेला माणूस विचारतो तसं.

दुर्गेश्वरीला ते झोंबलं. "पायजे," ती म्हणाली, "पन असं नाई पायजे." आणि कप ठेवून निघून गेली.

दुसरा दिवस परीक्षेचा. परीक्षा साधी होती. केस कापायच्या आधी कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत हातांनी तपासायचं आणि काय काय सापडलं ते सांगायचं. मॅडमनी सकाळीच सगळी कुत्री तपासून आपल्याजवळ लिहून ठेवलं होतं. कुत्री उमेंद्रच्या गिऱ्हाइकांची. धनवंताच्या वाट्याला राणू आली, कारण राणूच्या मालकांनी तशी अटच घातली होती. आमच्या राणूला धनवंताबाईशिवाय कोणी हात लावायचा नाही.

मालक म्हणजे ईश्वरदास बाबूजी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी नोकरीसाठी दूर. राणू मुलीची. लांब कानांची, तपकिरी कॉकर स्पॅनियल, नऊ वर्षांची. मुलगी गेली आणि कुत्री बाबूजींच्या गळ्यात पडली. बाबूजी कर्मठ. त्यांच्या घरी कुत्र्याला शिवत नाहीत. देवघर त्यांच्याकडं, सोवळं त्यांच्याकडं, मग शिवायचं कसं? जेवण ते लांबून वाढायचे. पट्टा रुमालात धरायचे. पण दर तीन आठवड्यांनी, पाऊस असो की ऊन, राणूला रिक्षात घालून दुकानात आणायचे आणि समोरच्या स्टुलावर बसून धनवंताचा गाल पाहायचे. राणूला पहिल्यापासून शेवटपर्यंत धनवंताच पाहायची, अंघोळ धरून. "आमच्या घरात लेकराले कोनी जवळ नाई घेत," ते एकदा म्हणाले होते. "तुमी घेता. माह्यानं नाई होत, पन पाहून बरं वाटते." धनवंता तेव्हा मांडीतली गोचीड शोधत होती. ती "हो जी" म्हणाली होती.

राणू टेबलावर चढली. बाबूजी पहिल्या रांगेत, मांडीवर घडी घातलेला रुमाल. धनवंता सवयीनं वाकली.

"तोंड नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "हात."

धनवंता सरळ झाली. तिनं दोन्ही हात राणूच्या मानेवर ठेवले. हात ठेवलेले दिसत होते म्हणून ठेवले आहेत असं म्हणायचं. ती पाठीवरून गेली, बरगड्यांवरून गेली. डोळ्यांनी काय दिसेल ते पाहत होती. उजव्या कानामागं केस चिकटलेले दिसले. करंगळी अजून थोडी जिवंत होती, ती पायाच्या बोटांमध्ये घालून पाहिली. पोटाखालून हात फिरवला. राणू शहाण्यासारखी उभी होती.

"उजव्या कानामांगं जट आहे," ती म्हणाली. "मांगच्या पायाचं एक नख तुटलं आहे. बाकी ठीक."

"पोट?"

"पोट साफ आहे."

मॅडमनी आपल्या कागदाकडं पाहिलं. मग पुढं येऊन त्यांनी धनवंताचा उजवा हात मनगटाशी धरला आणि राणूच्या पोटाखाली नेला, मागच्या आचळाशी, आणि तिची तिन्ही बोटं तिथं दाबून धरली. "इथं?"

मॅडमनी दुसऱ्या हातानं केस बाजूला केले. गुलाबी कातडीवर सुपारीएवढी गाठ होती. धनवंताची बोटं तिच्यावर टेकलेली होती. ती गाठ धनवंताला दिसली. बाकी काही नाही.

"ही एका आठवड्यातली नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "चार-पाच महिन्यांची असेल. डॉक्टरला दाखवावी लागेल, आजच. ही तुमच्याकडं किती दिवसांनी येते?"

बाबूजी उठून उभे राहिले होते. रुमाल खाली पडला होता. "का आहे? का आहे पोटाले?"

उमेंद्र मागून पुढं आला. धंदेवाला माणूस, गिऱ्हाइकाचा चेहरा बदलला की त्याची जीभ आपोआप सुटते. "अरे बाबूजी, घाबरू नका. आत्ता आत्ता आली असेल. मांगच्या वेळेला नव्हती. आमची बाई किती बारीक पाहते, तुमच्या समोरच तर पाहते. नाही का बाई?"

आता सगळ्यांनी धनवंताकडं पाहिलं. मान हलवायची, एवढंच काम होतं. मान हलवली असती तर परीक्षेत एक चूक धरली गेली असती. एका चुकीवर नापास करत नाहीत हे मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं. टेबल राहिलं असतं. फोटो काचेवर राहिला असता. गाठ अचानक आली म्हणून कोणालाही दोष गेला नसता.

बाबूजी तिच्याकडं पाहत होते. "बाई, तुमी सांगा. मांगच्या वेळेला होती का?"

त्यांचा तिच्यावर विश्वास होता. हे तिला कळलं, पण त्यानं तिच्या आत काही हललं नाही. ती बोलली ती धाडसानंही नाही आणि पश्चात्तापानंही नाही. बाबूजींनी विचारलं होतं, आणि उत्तर एकच होतं.

"मले माहीत नाई बाबूजी," ती म्हणाली. "असंल. माजे बोटं मेले जी. दोन वर्सं झाले. काई लागत नाई."

हॉलमध्ये ब्लोअर सुरू होता, तो दुर्गेश्वरीनं जाऊन बंद केला.

"काई लागत नाई?" बाबूजी म्हणाले. "मंग तो गाल? तुमी गाल लावत होत्या ना लेकराले. मी पाहत होतो."

"गोचीड पाहाले लावत होती," धनवंता म्हणाली. "गालाले लागते."

बाबूजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते शब्दांत पकडण्याच्या भानगडीत आपण पडू नये. दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी स्टुलावर बसून त्यांनी एक गोष्ट पाहिली होती आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गोचीड झाली होती. त्यांनी राणूकडं पाहिलं. मग धनवंताच्या हातांकडं. मग स्वतःच्या.

"तुमाले लागत नाई," ते म्हणाले, "आन् मी शिवत नाई. मंग तिनं सांगाचं कोनाले?"

मॅडमनी धनवंताचं मनगट अजून धरलेलं होतं. ते त्यांनी सोडलं आणि म्हणाल्या, "ताई, काल मी विचारलं होतं." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असा विचार धनवंताच्या मनात आला आणि गेला.

उमेंद्रनं तिला बाजूला, आचाऱ्यांच्या शेगड्यांजवळ नेलं. "हे तुम्ही मले आधी काऊन नाई सांगतलं?" तो पहिल्यांदा चिडला होता, आणि चिडण्यात थोडी लाजही होती, कारण फोटो त्यानंच लावला होता. "आता मी लोकांना काय सांगू? टेबल दुर्गेश्वरीकडं जाते बाई. समजलं ना?"

"समजलं जी."

"आणि ते ऑपरेशन करून घ्या. मी... पाहतो काहीतरी." एवढं म्हणून तो वळला, कारण समोर आमगाववाले सर्टिफिकेटासोबत फोटो काढायला त्याला बोलावत होते.

नऊ वर्षांत मिळवलेलं टेबल गेलं. धनवंता शेगडीजवळ उभी राहून अशा वेळी माणसाला जे होतं त्याची वाट पाहत होती. शेगडीवर राखेचे डाग होते, कोणीतरी नीट घासली नव्हती. ती तेवढंच पाहत होती.

बाहेर गेटवर बाबूजी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते. राणूला रिक्षात चढवायची होती. एरवी ती स्वतः उडी मारायची. आज, पोटाची जागा दाबून पाहिल्यामुळं असेल, ती खाली बसली होती आणि उठत नव्हती. बाबूजी पट्टा ओढत होते. हात लावत नव्हते. इतक्या वर्षांचं सोवळं एका दुपारी सुटत नाही.

धनवंता गेली, दोन्ही हात राणूच्या पोटाच्या दोन बाजूंनी घालून तिला उचललं आणि रिक्षात ठेवलं. मग बाजूला झाली.

बाबूजी तिच्याकडं न पाहता म्हणाले, "डॉक्टरकडं टेबलावर कोनी तरी धरा लागते. ते सुई घालते म्हने." थोडं थांबून म्हणाले, "माया नसली तरी चालते. धरता तर येते ना?"

"धरता येते."

"मंग बसा."

धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर पुढं होता, त्याच्या मागं रिक्षा बराच वेळ रेंगाळली. राणू दोघांच्या मध्ये होती. बाबूजींनी आपलं धोतर आवरून घेतलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना लहान. समोर एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, तिच्यानंतर यांचा नंबर. डॉक्टरनं गाठ दाबून पाहिली, दुसऱ्या बाजूलाही पाहिलं. "काढावी लागेल," तो म्हणाला. "पण आधी सुईनं थोडं पाणी घेतो, तपासायला पाठवतो. चांगली की वाईट, ते आत्ता नाही सांगता येत. म्हातारी आहे. लवकर दिसली असती तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि सुई शोधायला ड्रॉवर उघडला. "कोण धरतं? घट्ट धरा. हलली तर मला परत टोचावं लागेल."

धनवंतानं राणूला कुशीवर घेतलं. एक हात मानेखाली, एक मांडीवर. हे ती हजार वेळा करत आली होती. बाबूजी टेबलाच्या पलीकडं उभे होते, हात पाठीमागं बांधून.

डॉक्टर सुई घेऊन आला. धनवंतानं खाली पाहिलं. राणूच्या मानेवरचे तपकिरी केस बारीक बारीक हलत होते. लांब कानाचं टोक टेबलाच्या पत्र्यावर थरथरत होतं. जनावर घाबरलं की आधी अंगातून थरथर येते, मग ते उसळतं. हे नऊ वर्षांपासून तिला माहीत होतं. पूर्वी हाताला समजायचं. आता हातांकडून काहीच निरोप येत नव्हता, आणि डॉक्टरची सुई जवळ आली होती.

"थांबा जी," ती म्हणाली. "बाबूजी, पाहा बरं. थरथरून रायली ना राणू? मले समजत नाई. उसळंल ते."

बाबूजी वाकले. त्यांनी राणूच्या तोंडाकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं. राणू डोळे अर्धे मिटून शांत पडली होती. मग त्यांनी धनवंताच्या हातांकडं पाहिलं, कोपरांकडं, खांद्यांकडं.

"राणू नाई बाई," ते म्हणाले. "तुमी थरथरून रायल्या."